पंतप्रधान निवडणारे पावणेदोन लाख

५ सप्टेंबर २०२२, सोमवार. लंडनच्या वेस्टमिन्स्टर भागातील क्वीन एलिझाबेथ सेंटरमध्ये दुपारी हुजूर पक्षाच्या नेतानिवडीचे काम पाहणारे सर ग्रॅहम ब्रॅडी व्यासपीठावर आले आणि त्यांनी आकडे वाचून दाखवले. ऋषी सुनक ६०,३९९. लिझ ट्रस ८१,३२६. मतदानाचा हक्क असलेले एकूण सभासद १,७२,४३७. दुसऱ्या दिवशी ट्रसबाई स्कॉटलंडमधील बालमोरल येथे राणीला भेटल्या आणि ब्रिटनच्या पंतप्रधान झाल्या. साडेचार कोटींहून अधिक मतदारांच्या देशाचे सरकार कोणी चालवायचे, हे ठरवण्याचा हक्क पावणेदोन लाख माणसांना होता. वर्गणी भरून हुजूर पक्षाचे सभासद झाले, एवढ्याच पात्रतेवर त्यांना हा हक्क मिळाला होता. सभासद होण्यासाठी ब्रिटिश नागरिकत्वाची अटसुद्धा नव्हती.

गेल्या दशकातील ब्रिटिश राजकारणाचा उलगडा करू पाहणारे बहुतेक जण ब्रेक्झिटपासून सुरुवात करतात. कोणी कोविडकडे, कोणी बोरिस जॉन्सन यांच्या स्वभावाकडे बोट दाखवतात. ही कारणे खोटी नाहीत. पण संकटे ब्रिटनला नवी नव्हती. १९४० मध्ये जर्मन फौजा पश्चिम युरोपात मुसंडी मारत असताना त्या देशाने पंतप्रधान बदलला आणि युद्धही लढले. मग या वेळी सहा वर्षांत पाच पंतप्रधान का पाहावे लागले? घोडे नेमके कुठे पेंड खाते, हे शोधायचे तर आधी एका पक्षाच्या अंतर्गत नियमाकडे वळावे लागते. तो नियम १९९८ चा.

ब्रिटनमध्ये पंतप्रधानाची थेट निवडणूक होत नाही. कॉमन्स सभागृहाचा विश्वास ज्याच्या पाठीशी, त्याला राजा किंवा राणी सरकार बनवायला बोलावते. लिखित राज्यघटना नाही. आहेत ते कायदे, न्यायालयाचे निर्णय आणि पिढ्यान्‌पिढ्या पाळलेले संकेत. आपण हीच पद्धत उचलली, म्हणून विधिमंडळ पक्षाच्या बैठका, नेतानिवड आणि राज्यपालांकडे सादर होणारी पत्रे आपल्या परिचयाची आहेत. सभागृहातल्या बहुमताचा नेता सभागृहातल्याच माणसांनी निवडावा, हे या पद्धतीचे मूळ सूत्र. पंतप्रधान मध्येच बदलला तर निवडणूक घेण्याचे बंधन नसते. १९७६ मध्ये जेम्स कॅलहान, १९९० मध्ये जॉन मेजर, २००७ मध्ये गॉर्डन ब्राऊन असेच आले आणि कोणी त्याला घटनाबाह्य म्हटले नाही, कारण मतदारांनी निवडलेले खासदार जागेवरच होते.

हुजूर पक्षात मात्र १९६५ पर्यंत नेत्याची निवडणूकच होत नसे. ऑक्टोबर १९६३ मध्ये हॅरॉल्ड मॅकमिलन आजारी पडले आणि त्यांनी राजीनामा दिला. राणी त्यांना भेटायला रुग्णालयात गेली. तिथे त्यांनी दिलेल्या सल्ल्यानुसार उमरावांच्या सभागृहात बसणारे लॉर्ड होम पंतप्रधान झाले. पक्षातल्या मूठभर वजनदारांनी चाचपणी करून हे नाव पुढे आणले होते. पद्धत इतकी बंदिस्त होती की पक्षालाच तिची लाज वाटू लागली. १९६५ मध्ये प्रथमच खासदारांनी मतदान केले आणि एडवर्ड हीथ निवडून आले. दहा वर्षांनी त्याच पद्धतीने मार्गारेट थॅचर नेत्या झाल्या.

आणि त्याच पद्धतीने त्या गेल्या. २० नोव्हेंबर १९९० रोजी थॅचरबाई परिषदेसाठी पॅरिसमध्ये असताना खासदारांनी मत दिले: थॅचर २०४, मायकेल हेझेल्टाइन १५२. बहुमत त्यांचेच होते, पण नियमाप्रमाणे लागणाऱ्या फरकाला चार मते कमी पडली. लंडनला परतल्यावर त्यांनी मंत्र्यांना एकेकट्याने बोलावून विचारले आणि बहुतेकांनी जवळजवळ एकच उत्तर दिले: माझा पाठिंबा आहे, पण तुम्ही जिंकणार नाही. दोन दिवसांत त्यांनी माघार जाहीर केली आणि आठवडाभरात जॉन मेजर पंतप्रधान झाले. निर्णय निष्ठुर होता, पण ज्यांनी निवडले त्यांनीच काढले आणि त्यांनीच दुसरा नेमला. देश एकही दिवस अधांतरी राहिला नाही.

पक्षाच्या शाखाशाखांमधल्या कार्यकर्त्यांना ही गोष्ट विसरता आली नाही. तीन निवडणुका जिंकून देणाऱ्या बाईंना खासदारांनी खाली ओढले, हा सल त्यांच्या मनात घर करून राहिला. १९९७ मध्ये पक्षाचा धुव्वा उडाला. फक्त १६५ जागा उरल्या. नवे नेते विल्यम हेग अवघे ३६ वर्षांचे होते. पक्ष पुन्हा उभा करायचा तर सभासदांना काही अधिकार दिला पाहिजे, असे त्यांनी ठरवले. १९९८ पासून पद्धत अशी झाली: खासदार एकामागून एक फेऱ्यांत मतदान करून दोन उमेदवार उरवतील आणि त्या दोघांतून एकाची निवड देशभरचे सभासद करतील.

हेतू चांगला होता, हे मी मनापासून मानतो. घराघरांत पत्रके वाटणाऱ्या, पावसात दारोदार फिरणाऱ्या माणसाला आपला नेता निवडण्याचा हक्क असावा, यात गैर काय? पण एक गोष्ट तेव्हा फारशी कोणी लक्षात घेतली नाही. नेत्याला काढण्याचा अधिकार खासदारांकडेच राहिला. पंधरा टक्के खासदारांनी '१९२२ समिती'च्या, म्हणजे पक्षाच्या सामान्य खासदारांच्या संघटनेच्या, अध्यक्षांना पत्रे दिली की अविश्वासाचे मतदान होत असे. म्हणजे काढणार एक आणि निवडणार दुसरे. शिवाय सभासदसंख्या झपाट्याने आटत होती. १९५० च्या दशकात हुजूर पक्षाचे सभासद २८ लाखांच्या घरात होते, तेव्हा त्यांना मत नव्हते. मत मिळाले तेव्हा ते काही लाखांवर आले होते. उरलेल्यांत निम्म्याहून अधिक पन्नाशी ओलांडलेले होते. दक्षिण इंग्लंडातले आणि पुरुष अधिक. देशाचा सरासरी मतदार कोणता आणि हा सभासद कोणता, यांतले अंतर वाढत गेले.

पहिला झटका २००१ मध्येच बसला. खासदारांच्या शेवटच्या फेरीत केनेथ क्लार्क पहिले आले, इयान डंकन स्मिथ दुसरे. सभासदांनी मात्र डंकन स्मिथ यांना ६१ टक्के मते दिली, कारण क्लार्क युरोपवादी होते. दोन वर्षांत खासदारांनी अविश्वासाच्या मतदानात डंकन स्मिथ यांना ७५ विरुद्ध ९० मतांनी काढले आणि मग सगळ्यांनी मिळून मायकेल हॉवर्ड यांना बिनविरोध आणले, सभासदांना विचारायची वेळच येऊ दिली नाही. पक्ष विरोधात होता, म्हणून देशाला त्याची झळ बसली नाही.

मजूर पक्षाचा अनुभव याहून बोलका. २०१५ मध्ये तिथे नवी पद्धत होती: प्रत्येक सभासदाला एक मत, आणि तीन पौंड भरून समर्थक म्हणून नाव नोंदवणाऱ्यालाही एक मत. जेरेमी कॉर्बिन यांना ३६ खासदारांनी नामांकन दिले. त्यांतल्या काहींनी तर केवळ चर्चा व्यापक व्हावी म्हणून. ते ५९.५ टक्के मतांनी निवडून आले. जून २०१६ मध्ये त्यांच्याच खासदारांनी ४० विरुद्ध १७२ मतांनी त्यांच्यावर अविश्वास दाखवला. कॉर्बिन हटले नाहीत, पुन्हा निवडणुकीला उभे राहिले आणि सभासदांनी त्यांना ६१.८ टक्के मते देऊन आणखी मजबूत केले. एकाच पक्षात दोन दरबार भरले. संसदीय पद्धतीत असा पक्ष सरकार कसे चालवणार, हा प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता. मजूर पक्षही विरोधात होता, म्हणून तो प्रश्न बाजूला राहिला.

सत्ताधाऱ्यांकडे काय चालले होते? २३ जून २०१६ च्या सार्वमतात ५१.९ टक्के लोकांनी युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी डेव्हिड कॅमेरन यांनी राजीनामा जाहीर केला. थेरेसा मे आणि अँड्रिया लेडसम या दोघी शेवटच्या फेरीत उरल्या, पण सभासदांचे मतदान होण्याआधीच लेडसमबाईंनी ११ जुलैला माघार घेतली. मेबाई थेट खासदारांच्या पाठबळावर पंतप्रधान झाल्या. २०१७ ची निवडणूक त्यांनी स्वतःहून ओढवून घेतली आणि बहुमत गमावले. १५ जानेवारी २०१९ रोजी त्यांचा ब्रेक्झिट करार २०२ विरुद्ध ४३२ मतांनी फेटाळला गेला. पुढे आणखी दोनदा तेच. त्या गेल्या.

जुलै २०१९ मध्ये बोरिस जॉन्सन यांना ९२,१५३ सभासदांनी मते दिली, जेरेमी हंट यांना ४६,६५६. ब्रिटनच्या इतिहासात पक्षसभासदांनी विद्यमान सरकारचा पंतप्रधान प्रत्यक्ष मत देऊन निवडण्याची ही पहिलीच वेळ. त्या वेळी फारसे खटकले नाही, कारण खासदारांच्या फेऱ्यांतही जॉन्सनच आघाडीवर होते आणि पाच महिन्यांत, १२ डिसेंबरला, त्यांनी निवडणूक घेऊन ८० जागांचे बहुमत मिळवले. देशाने शिक्कामोर्तब केले. मधल्या काळात त्यांनी संसद पाच आठवडे तहकूब केली होती. सर्वोच्च न्यायालयाच्या अकराच्या अकरा न्यायाधीशांनी २४ सप्टेंबर २०१९ रोजी ती कृती बेकायदा ठरवली. संकेतांवर चालणाऱ्या व्यवस्थेला धरबंध कोण घालणार, याचे एक उत्तर त्या दिवशी मिळाले. तो विषय मोठा आहे; इथे एवढेच.

लॉकडाउनमध्ये डाउनिंग स्ट्रीटवर झालेल्या मेजवान्यांमुळे जॉन्सन यांचा पाया खचला. लोक आपल्या आईवडिलांच्या अंत्यविधीला जाऊ शकत नव्हते, त्या काळातल्या या मेजवान्या. पोलिसांनी १२६ दंडाच्या नोटिसा बजावल्या. एक जॉन्सन यांना, एक अर्थमंत्री सुनक यांना. जून २०२२ मध्ये अविश्वासाच्या मतदानातून ते १४८ विरुद्ध २११ मतांनी तरले. महिन्याभरात दुसरे प्रकरण निघाले, ५ जुलैच्या संध्याकाळी आरोग्यमंत्री साजिद जाविद आणि सुनक यांनी राजीनामे दिले आणि पुढच्या दोन दिवसांत पन्नासहून अधिक जणांनी पदे सोडली. ७ जुलैला जॉन्सन यांनी नमते घेतले.

आता १९९८ च्या नियमाची खरी कसोटी होती. खासदारांच्या पहिल्या फेरीत सुनक यांना ८८, ट्रसबाईंना ५०. शेवटच्या फेरीत सुनक १३७, ट्रस ११३, पेनी मॉर्डंट १०५. म्हणजे ३५७ खासदारांपैकी एक तृतीयांशही ट्रसबाईंच्या बाजूने नव्हते. तरी त्या अंतिम दोघांत आल्या आणि प्रचार सभासदांपुढे गेला.

तो उन्हाळा ब्रिटनने दुहेरी अनुभवला. महागाई दहा टक्क्यांवर गेली होती. २६ ऑगस्टला नियामकाने जाहीर केले की ऑक्टोबरपासून सर्वसाधारण घराचे वीज-गॅसचे वर्षाचे बिल ३,५४९ पौंडांवर जाईल. घरोघरी हिवाळ्याची धास्ती होती. आणि त्याच आठवड्यांत लीड्सपासून वेम्बलीपर्यंत बारा सभांमध्ये दोन उमेदवार एका छोट्या श्रोतृवर्गाला काय आवडेल ते सांगत होते. ट्रसबाईंनी करकपातीचे आश्वासन दिले. कर्ज काढून कर कमी केले तर महागाई आणि व्याजदर दोन्ही भडकतील, असे सुनक पुन्हा पुन्हा बजावत होते. टाळ्या ट्रसबाईंना मिळाल्या. यात सभासदांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना विचारले, त्यांनी सांगितले. मात्र २०१९ मध्ये ज्या जाहीरनाम्यावर देशाने मत दिले होते, त्यात हा कार्यक्रम नव्हता, आणि देशाला तो कोणी विचारलाही नाही.

८ सप्टेंबरला दुपारी ट्रसबाई कॉमन्समध्ये बिलांवरचा दिलासा जाहीर करत होत्या. सर्वसाधारण घराचे बिल २,५०० पौंडांच्या आसपास रोखण्याची ती मोठी योजना होती. चर्चा चालू असतानाच मंत्री नदीम झहावी बाकावर आले आणि एक चिठ्ठी ट्रसबाईंच्या हाती गेली. राणीची प्रकृती ढासळली होती. संध्याकाळी निधनाची बातमी आली. दोनच दिवसांपूर्वी त्याच राणीने त्यांना सरकार स्थापन करायला सांगितले होते. अकरा दिवस राजकारण थांबले.

२३ सप्टेंबरच्या शुक्रवारी अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनी संसदेत जी घोषणा केली, तिला 'मिनी बजेट' म्हटले गेले. सुमारे ४५ अब्ज पौंडांची करकपात. कंपनी कराची नियोजित वाढ रद्द, सर्वांत वरच्या उत्पन्नावरचा ४५ टक्क्यांचा टप्पा रद्द, बँकर्सच्या बोनसवरची मर्यादाही रद्द. पैसा कर्जाऊ. अर्थखात्याचे सर्वांत ज्येष्ठ अधिकारी टॉम स्कॉलर यांना पदावर येताच दूर केले होते आणि खर्चाचा स्वतंत्र अंदाज मांडणाऱ्या अर्थसंकल्पीय कार्यालयाचा अहवाल प्रसिद्धच केला नाही. रविवारी क्वार्टेंग यांनी बीबीसीवर सांगितले की आणखी करकपात येणार आहे. सोमवारी पहाटे आशियाई बाजार उघडले तेव्हा पौंड १.०३ डॉलरच्या आसपास, म्हणजे इतिहासातल्या नीचांकावर होता.

पौंडापेक्षा गंभीर प्रकार रोख्यांच्या बाजारात घडत होता आणि तो नीट समजून घेण्याजोगा आहे. ब्रिटनमधल्या अनेक पेन्शन फंडांना तीस-चाळीस वर्षांनंतरची देणी असतात. त्यासाठी ते दीर्घ मुदतीचे सरकारी रोखे घेतात, आणि त्या रोख्यांच्या आधारावर कर्जाऊ व्यवहार करून आपली गुंतवणूक फुगवतात. रोख्याची किंमत पडली की समोरचा पक्ष जादा तारण मागतो. एकाच वेळी सगळ्यांकडे ही मागणी आली. रोख पैसा उभा करायला फंडांनी हाताशी असलेले रोखे विकायला काढले. त्यामुळे किंमत आणखी पडली, आणखी तारण मागितले गेले, आणखी विक्री झाली. तीस वर्षांच्या रोख्यावरचा परतावा काही दिवसांत पाच टक्क्यांवर गेला. २८ सप्टेंबरला बँक ऑफ इंग्लंडला मध्ये पडावे लागले. गरज पडल्यास ६५ अब्ज पौंडांपर्यंत रोखे घेऊ, असे तिने जाहीर केले. प्रत्यक्षात १९ अब्जांच्या खरेदीवर बाजार सावरला. फंडांची ही दुबळी जागा ट्रसबाईंनी निर्माण केली नव्हती, हे न्यायाने म्हटले पाहिजे. पण तिच्यावर घाव घालणारी घोषणा त्यांची होती, आणि ज्यांनी सावध केले असते त्यांना आधीच दाराबाहेर ठेवले होते.

सामान्य माणसाला हे कळले ते घराच्या हप्त्यातून. ब्रिटनमध्ये गृहकर्जाचा दर बहुधा दोन किंवा पाच वर्षांपुरता बांधलेला असतो. मुदत संपली की नवा करार. बँकांनी शेकडो योजना रातोरात मागे घेतल्या. दोन वर्षांच्या कर्जाचा सरासरी दर मिनी बजेटच्या दिवशी पावणेपाच टक्के होता, तो ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सहा टक्क्यांपलीकडे गेला. त्या महिन्यात ज्यांचा करार संपत होता, त्यांतल्या बहुतेकांना या निवडीत मतच नव्हते.

पुढची घसरण दिवसांच्या हिशेबाने झाली. ३ ऑक्टोबरला वरच्या कराचा टप्पा परत. १४ तारखेला क्वार्टेंग यांना वॉशिंग्टनहून लवकर बोलावून पदावरून दूर केले. त्यांच्या जागी आलेल्या जेरेमी हंट यांनी १७ तारखेला जवळपास सारे मिनी बजेट गुंडाळले. ज्या कार्यक्रमासाठी सभासदांनी निवडले तो कार्यक्रम संपला, आणि खासदार तर पहिल्यापासूनच पाठीशी नव्हते. २० ऑक्टोबरला दुपारी डाउनिंग स्ट्रीटच्या दारापुढे ट्रसबाईंनी राजीनामा जाहीर केला. ४९ दिवसांची ही कारकीर्द ब्रिटनच्या इतिहासातली सर्वांत छोटी. त्याआधीचा नीचांक १८२७ मध्ये पदावर असतानाच वारलेल्या जॉर्ज कॅनिंग यांचा, ११९ दिवसांचा.

आणि मग पक्षाने काय केले ते पाहा. १९२२ समितीने जाहीर केले की उमेदवाराला किमान शंभर खासदारांचा पाठिंबा हवा. सुट्टीवरून धावत आलेल्या जॉन्सन यांनी रविवारी रात्री माघार घेतली, सोमवारी दुपारी मॉर्डंटबाईंनी. सुनक बिनविरोध नेते झाले. सहा-सात आठवड्यांपूर्वी सभासदांनी ज्यांना नाकारले होते, तेच एकाही सभासदाच्या मताशिवाय पंतप्रधान झाले. ते नेते झाले त्या दिवशी लक्ष्मीपूजन होते. आपल्याकडे त्या बातमीचे कौतुक झाले, आणि ते समजण्यासारखे होते. त्यांचे सासरे नारायण मूर्ती यांची इन्फोसिस १९८१ मध्ये पुण्यातच स्थापन झाली होती. पण त्या दिवशी ब्रिटनमध्ये घडलेली मोठी गोष्ट वेगळी होती. आग लागल्यावर हुजूर पक्षाच्या खासदारांनी १९९८ मध्ये देऊन टाकलेला अधिकार गुपचूप परत घेतला होता.

मतदारांना आपला हिशेब चुकता करायला ४ जुलै २०२४ उजाडावी लागली. हुजूर पक्षाच्या १२१ जागा उरल्या, १९०६ पेक्षाही वाईट. ट्रसबाई आपल्या नॉरफोकमधल्या मतदारसंघात ६३० मतांनी पडल्या. सर किअर स्टार्मर यांच्या मजूर पक्षाला ३३.७ टक्के मतांवर ४११ जागा मिळाल्या. एवढ्या थोड्या मतांवर एवढे मोठे बहुमत, ही आजच्या ब्रिटिश राजकारणाची दुसरी दुखरी नस. तिच्यावर स्वतंत्र लिहावे लागेल. नायजेल फराज यांच्या रिफॉर्म पक्षाला १४.३ टक्के मते पडूनही पाचच जागा मिळाल्या, आणि पुढच्या वर्षी स्थानिक निवडणुकांत त्याच पक्षाने दहा परिषदा जिंकल्या.

माझे मत स्पष्ट आहे. पक्ष विरोधात असेल तर सभासदांनी नेता खुशाल निवडावा. सभासद आणि सत्ता यांच्यामध्ये तेव्हा एक सार्वत्रिक निवडणूक उभी असते आणि चूक झाली तर मतदार ती दुरुस्त करतो. २ नोव्हेंबर २०२४ रोजी केमी बॅडेनॉक याच पद्धतीने हुजूर पक्षाच्या नेत्या झाल्या, त्यात काही वावगे नाही. पण पक्ष सत्तेत असताना नेता निवडणे म्हणजे पंतप्रधान निवडणे. ते काम ज्यांना देशाने निवडून दिले त्या खासदारांचे आहे, वर्गणीदारांचे नाही. १,७२,४३७ जणांपुढे ठेवलेल्या मतदानात त्या उन्हाळ्यात जे ठरले, त्याची किंमत त्यांच्याहून कितीतरी अधिक कुटुंबांनी आपल्या हप्त्यांतून मोजली.

एवढे होऊनही हुजूर पक्षाने तो नियम रद्द केला नाही. मजूर पक्षात नेत्याला आव्हान द्यायला एक पंचमांश खासदारांचे नामांकन लागते. पण लढत झालीच तर शेवटचा शब्द तिथेही सभासदांचाच. म्हणून ब्रिटनचा पंतप्रधान पायउतार होतो आहे अशी बातमी पुन्हा येईल तेव्हा उमेदवारांची नावे वाचण्याआधी एक गोष्ट तपासा: शेवटचे मत कोणाच्या हातात आहे.